होजच्या पोटातील स्प्रिंग : का हवी व कशी बसवावी?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या ट्रॅक्टरला रात्र नाही की दिवस नाही. फडातून भरून निघालेल्या दोन ट्रॉल्या, चढाचा रस्ता, काट्यावरची रांग आणि परत फडाकडे. अशा वेळी ट्रॅक्टर गरम होऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला तर नुसतं वाहतुकीचं भाडं बुडत नाही. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितका तो वाळतो. वजनात घट येते आणि उसातील साखरेचे विघटन सुरू होऊन उताराही घसरतो. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असे आपण नेहमी सांगतो, ते याचसाठी. म्हणजे इंजिनाच्या एका रबरी नळीचे दुखणे शेवटी सभासदाच्या पट्टीवर येऊन बसते.

वाहन दुरुस्तीच्या कामात आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. होज पाइप बदलताना जुन्या होजच्या पोटात असलेली तारेची स्प्रिंग भंगारात जाते आणि नवा होज रिकामाच चढवला जातो. "नवा होज जाळीचा आहे, मजबूत आहे, आता स्प्रिंग कशाला?" असा विचार त्यामागे असतो. हा विचार चुकीचा का आहे आणि स्प्रिंग घालायची तर ती कशी घालावी, हे या लेखात सांगत आहोत.

जाळी काय करते आणि काय करत नाही

चांगला होज तीन थरांचा असतो. आत पाणी किंवा तेल धरणारे रबर, मध्ये धाग्यांची किंवा तारेची विणलेली जाळी आणि बाहेर ऊन, धूळ, घासणे सोसणारे रबर. काही होजमध्ये ही जाळी सर्वांत बाहेर, चकचकीत तारेची असते. पूर्वी जाळीसाठी सुती धागा वापरत, आता बहुधा पॉलिएस्टरचा असतो. वेणी घालावी तसे हे धागे एकमेकांवरून तिरके विणलेले असतात. नळीच्या लांबीशी धाग्याचा कोन सुमारे ५४ अंश ४४ मिनिटे ठेवला तर आतून दाब आल्यावर होज लांबही होत नाही आणि आखूडही होत नाही. म्हणून हा कोन होज बनवणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

परंतु धागा शेवटी धागाच. दोरीने ओढता येते, दोरीने ढकलता येत नाही. आतून दाब आला की धागे ताणले जातात आणि होजला फुगू देत नाहीत. आतून ओढ लागली, म्हणजे होजमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब झाला, की तेच धागे सैल पडतात. मग ते होजला धरून ठेवू शकत नाहीत. तारेची जाळी असली तरी नियम हाच. तार जाड आहे म्हणून होज फुटणार नाही हे खरे, पण तो चपटा होणार नाही याची हमी त्यातून मिळत नाही.

घरातील पोत्याचेच पाहा ना. तागाचे पोते विणलेले असते. ज्वारी भरा, ते फुगून ताठ उभे राहते, फुटत नाही. ज्वारी काढून घ्या, तेच पोते खाली बसते. विणीची ताकद कुठे गेली? कुठेच गेली नाही. ती बाहेरच्या बाजूला फुगण्याविरुद्ध होती, आत बसण्याविरुद्ध कधी नव्हतीच. ज्यांनी मोट चालवली आहे त्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. चामड्याच्या मोटेचे तोंड उघडे राहावे म्हणून तिला लोखंडी कडे लावीत. चामडे पाणी धरते, कडे आकार धरते. होजमध्ये रबर व जाळी हे मोटेचे चामडे आणि पोटातील स्प्रिंग हे तिचे कडे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ओढ कोठे लागते?

ट्रॅक्टरच्या इंजिनात गरम पाणी वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये जाते, तेथे थंड होते आणि खालच्या होजमधून वॉटर पंपाकडे येते. वरच्या होजमध्ये पाणी ढकलले जाते, खालच्या होजमधून ते ओढले जाते. म्हणून अनेक ट्रॅक्टर, ट्रक व जीपच्या खालच्या होजमध्ये स्प्रिंग घातलेली असते. वरच्या होजमध्ये सहसा ती नसते आणि लागतही नाही.

ही ओढ दिसायला किरकोळ असते. समजा खालच्या होजचा आतील व्यास ४ सें.मी. आणि मोकळी लांबी २४ सें.मी. आहे. होजच्या आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सें.मी.ला एक किलोच्या फक्त दहाव्या भागाने कमी झाला, तरी होजच्या एका बाजूवर जवळजवळ १० किलोचा भार पडतो आणि समोरच्या बाजूवरही तितकाच. थंड, नवे रबर हा भार सोसेल. इंजिनाच्या उष्णतेने मऊ झालेले, दोन-चार हंगाम पाहिलेले रबर सोसत नाही. त्यात वळण असेल तर होज नेमका वळणावर मिटतो.

येथे रेडिएटरच्या झाकणाचाही संबंध आहे. हे झाकण दाबाचे असते. गाडीप्रमाणे साधारण अर्धा ते एक किलो दाब ते आत धरून ठेवते. त्यामुळे पाणी १०० अंशांना न उकळता पुढे जाते. झाकण ०.९ किलोचे असेल तर सुमारे ११८ अंशांपर्यंत पाणी उकळत नाही. हाच दाब खालच्या होजलाही आतून आधार देतो. झाकणाचे रबर गेले की दाब टिकत नाही, पंपाची ओढ थेट होजवर येते आणि पाणी लवकर उकळू लागते. म्हणून होज मिटत असेल तर झाकण तपासल्याशिवाय नुसती स्प्रिंग घालून थांबू नये.

एक उदाहरण

एका सभासदाचा ट्रॅक्टर ऐन हंगामात गरम होऊ लागला. रिकाम्या ट्रॉल्या ओढताना काटा जागेवर, भरून चढाला लागला की काटा लाल रेघेवर. गावातील मिस्त्रीने रेडिएटर उघडून साफ केला. फरक नाही. थर्मोस्टॅट काढून टाकला. फरक नाही. पंख्याचा पट्टा बदलला, पंपही बदलला. पैसे गेले आणि फडात तोडलेल्या उसाच्या मोळ्या पडून राहिल्या. आजार रेड्याला आणि डाग पखालीला, म्हणतात ना, तसा प्रकार.

ट्रॅक्टर आमच्याकडे आला तेव्हा उभा असताना सर्व ठीक दिसत होते. इंजिन चांगले तापू दिले आणि मग वेग वाढवला. पाहता पाहता खालचा होज मध्यभागी आत ओढला गेला. वेग कमी करताच तो पुन्हा गोल झाला. हंगामापूर्वी हा होज बदलला होता. नवा होज दुकानातून मापाने कापून घेतलेला, चांगल्या जाळीचा, पण पोट रिकामे. जुन्यातील स्प्रिंग जुन्या होजबरोबर गेली होती. वेग वाढला की पंप जास्त ओढणार, होज जास्त मिटणार आणि जेव्हा पाण्याची गरज सर्वांत मोठी तेव्हाच पाणी सर्वांत कमी मिळणार, असे ते दुष्टचक्र होते. योग्य मापाची स्प्रिंग घातली, झाकण बदलले, थर्मोस्टॅट पुन्हा बसवला आणि काम झाले.

सभासदाचे दैव बलवत्तर म्हणून हेड वाचले. असे चार-सहा दिवस आणखी चालले असते तर हेड गॅस्केट उडाले असते, कदाचित हेडला तडा गेला असता.

होज केव्हा मिटतो, ते आधी पाहा

होज चपटा दिसला की प्रत्येक वेळी स्प्रिंगचाच दोष असतो असे नाही. तो केव्हा चपटा होतो यावरून दोष ओळखावा.

इंजिन बंद करून पूर्ण थंड झाल्यावर, विशेषतः सकाळी, होज (बहुधा वरचा) चपटा दिसला तर झाकणातील लहान व्हॉल्व्ह अडकला आहे असे समजावे. पाणी थंड होताना आकसते. त्या वेळी हा व्हॉल्व्ह उघडून बाहेरच्या डब्यातले पाणी किंवा हवा आत यायला हवी. ती आली नाही की होज आत ओढला जातो. येथे औषध झाकणाला, होजला नव्हे.

गरम इंजिनाचा वेग वाढवल्यावर खालचा होज मिटत असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात : स्प्रिंग नाही किंवा गंजून तुटली आहे, झाकण दाब धरत नाही किंवा रेडिएटरच्या नळ्या गाळाने बंद होत आल्या आहेत. रेडिएटरमधून पाणी उतरत नसेल तर पंप रिकाम्या जागी ओढत राहतो आणि होज मिटतो. असा रेडिएटर तसाच ठेवून स्प्रिंग घातली तर होज गोल दिसेल, पण पाणी वाढणार नाही.

ही तपासणी करताना पंख्यापासून दूर उभे राहावे. धोतराचा सोगा, उपरणे, शर्टाची सैल बाही, साडीचा पदर पंख्यात किंवा पट्ट्यात जाऊ शकतो. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच शंभर अंशांच्या वरचे पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर उसळते. चालक घाईत असतो, त्याला हे मालकानेच बजावून सांगावे.

स्प्रिंग कशी निवडावी?

पहिली पसंती कंपनीने त्या गाडीसाठी दिलेल्या, स्प्रिंगसह किंवा पुरेशा जाड घडणीच्या होजला द्यावी. काही नव्या गाड्यांचे साच्यात घडवलेले होज इतके ताठ असतात की त्यांत मूळचीच स्प्रिंग नसते. तेथे उगाच घालू नये. मूळ होजमध्ये ती होती तर मात्र नव्यातही हवीच. स्प्रिंग वेगळी घ्यावी लागली तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) तार गंजणारी नसावी. स्टेनलेस स्टीलची उत्तम. साधी तार काही हंगामांत गंजते, तिचे तुकडे पंपात व पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातात. गंजलेल्या स्प्रिंगपेक्षा नसलेली बरी, अशी पाळी येते.

२) स्प्रिंगचा बाहेरचा व्यास होजच्या आतील व्यासापेक्षा किंचित, साधारण एक मिलिमीटरने जास्त असावा. म्हणजे ती रबराला धरून बसते. सैल स्प्रिंग सरकते, खडखडते आणि रबर आतून खाते.

३) तार उगाच जाड घेऊ नये. ४० मि.मी.च्या होजमध्ये २ मि.मी. तारेची स्प्रिंग बसली की मधली वाट ३६ मि.मी. राहते, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ८१ टक्के. तार ३ मि.मी. घेतली तर वाट ३४ मि.मी. व क्षेत्रफळ ७२ टक्के होते. पाण्याला आधार द्यायला गेलो आणि पाण्याचीच वाट अडवली, असे होऊ नये.

४) वेढे फार विरळ नसावेत. स्प्रिंग घातल्यावर होज दोन बोटांत दाबून पाहावा. दोन वेढ्यांच्या मध्ये रबर सहज आत जात असेल तर स्प्रिंग विरळ आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला वेढे आणखी फाकतात, म्हणून तेथे मुद्दाम दाबून पाहावे.

५) दोन्ही टोके आत वळवून, कानसीने घासून बोथट केलेली असावीत. उघडे टोक रबर फाडते आणि पाणी जाळीत शिरते. मग होज बाहेरून चांगला दिसत असतानाच आतून पोखरला जातो.

स्प्रिंगची लांबी

सर्वांत जास्त चुका येथे होतात. स्प्रिंग होजइतकी लांब नसते. होजची दोन्ही टोके रेडिएटर व पंपाच्या तोटीवर चढतात आणि तेथे वर क्लिप बसते. तोटी व होज यांच्यामध्ये स्प्रिंगचा वेढा सापडला तर क्लिप कितीही आवळा, पाणी गळणारच. होज ३० सें.मी. लांब असून प्रत्येक टोक ३ सें.मी. तोटीवर चढत असेल तर मध्ये २४ सें.मी. उरतात. दोन्हीकडे अर्धा सें.मी. मोकळा सोडून स्प्रिंग २३ सें.मी. घ्यावी. फार आखूडही नको. आखूड स्प्रिंग एका बाजूला सरकते आणि जेथे आधार हवा तेथेच होज उघडा पडतो.

बसवण्याची रीत

१) इंजिन पूर्ण थंड करावे. पाणी स्वच्छ भांड्यात काढावे. कूलंट असेल तर ते जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. त्यातील ग्लायकॉल गोडसर पण विषारी असते.

२) होज कापायचा असेल तर कापण्याच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी व बारीक दात्याच्या करवतीने सरळ कापावा. पट्टीमुळे जाळीचे धागे किंवा तारा विसकटत नाहीत. आतील भुसा धुऊन टाकावा.

३) तोटी किती आत जाते ते मोजून होजवर बाहेरून खडूने दोन्हीकडे खूण करावी. स्प्रिंग या दोन खुणांच्या मध्येच बसली पाहिजे.

४) होजच्या आत व स्प्रिंगवर साबणाचे पाणी किंवा कूलंट लावावे. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा डिझेल लावू नये. पाण्याच्या होजचे रबर तेलाने फुगते व मऊ पडते.

५) स्प्रिंग नुसती ढकलू नये. ढकलली की ती आखडते, जाड होते आणि मध्येच अडकते. एका गुळगुळीत सळईच्या टोकाला खाच करून ती स्प्रिंगच्या पोटातून घालावी आणि स्प्रिंगचे पुढचे टोक खाचेत अडकवावे. मग सळई हळूहळू फिरवत पुढे न्यावी. ज्या दिशेने फिरवल्यावर स्प्रिंग बारीक होते त्याच दिशेने फिरवावी. उलट फिरवली तर ती फुगून घट्ट बसते. पुढच्या टोकाने ओढ घेतली की मागचे वेढे आपोआप बारीक होऊन मागोमाग येतात.

६) स्प्रिंग जागेवर आली की सळई थोडी उलट फिरवून टोक सोडवावे. स्प्रिंग फुलून रबराला लागते. दोन्ही टोकांकडून विजेरीने आत पाहावे. वेढे सारखे आहेत ना, एकावर एक चढले नाहीत ना, याची खात्री करावी.

७) होज साध्या पाण्याने धुऊन तोटीवर चढवावा. क्लिप तोटीच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला येईल अशी बसवावी. इंजिन एकदा गरम होऊन थंड झाल्यावर क्लिप पुन्हा एकदा आवळावी.

८) पाणी भरून, हवा काढून इंजिन सुरू करावे आणि वर सांगितल्याप्रमाणे वेग वाढवून होज पाहावा. तो गोल राहिला तर काम झाले.

येथे हात घालू नये

स्प्रिंगचे महत्त्व सांगितले म्हणून ती दिसेल त्या नळीत घालू नये. ब्रेकच्या नळ्या, डिझेलच्या नळ्या आणि ट्रॉली उचलण्याच्या हायड्रॉलिकच्या दाबाच्या नळ्या यांत घरगुती स्प्रिंग मुळीच घालू नये. दाबाच्या नळीला तिची गरज नसते. तुटलेला एक तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकला तर ब्रेक किंवा ट्रॉली दगा देईल. हायड्रॉलिक पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीला आधार लागतो, पण त्यासाठी धाग्याची जाळी आणि तारेचा पिळा दोन्ही भिंतीतच असलेला होज तयार मिळतो. अमेरिकेच्या एसएई संस्थेच्या मानकात त्याचा क्रमांक १००आर४ असा आहे. दुकानात हाच मागावा.

नदी-विहिरीवरील पंपाच्या ओढीच्या पाइपालाही हाच न्याय लागू आहे. पंप पाण्यापासून ५ मीटर उंच असेल तर पाइपात दर चौरस सें.मी.ला सुमारे अर्धा किलोची ओढ असते. १० सें.मी. व्यासाच्या पाइपाच्या एक मीटर लांबीवर हा भार प्रत्येक बाजूने सुमारे ५०० किलो होतो. म्हणून पंपाच्या वरच्या बाजूचा मऊ पाइप खालच्या बाजूला जोडू नये. भिंतीत पिळा असलेला सक्शन पाइपच वापरावा.

हंगामापूर्वी एवढे करा

ट्रॅक्टर कामाला जुंपण्यापूर्वी खालचा होज काढून पाहावा. रबर चिकट किंवा तडकलेले, जाळी उघडी पडलेली, स्प्रिंग लाल झालेली असेल तर वाट पाहू नये. झाकणाचे रबर व व्हॉल्व्ह तपासावेत. ट्रॅक्टर दुरुस्तीला दिला असेल तर जुना होज मिस्त्रीकडून मागून घ्यावा आणि नवा चढवण्यापूर्वी दोन्ही आतून पाहावेत. जुन्यात स्प्रिंग आहे आणि नव्यात नाही असे दिसले तर तेथेच काम थांबवावे. स्प्रिंगचा खर्च एका खेपेच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. ती नसली तर एक ट्रॅक्टर उभा राहतो, त्याच्यामागे दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागे तोडणीची टोळी आणि या सर्वांच्या मागे वर्ष-दीड वर्ष सांभाळलेला ऊस.